तिलाच विचारा

माय, तुला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, म्हणजे हे पत्र दोन्ही बाजूंनी वायाच जाणार. तरी लिहिते आहे. नंदुरबारच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले आहे. आत पडद्याआड माझी सून आहे, भुलीचे डॉक्टर आहेत आणि एक सिस्टर आहे. मला बाहेर काढलंय. चक्क बाहेर काढलंय, ‘मावशी, तुम्ही पण उठा’ म्हणून. डब्याच्या पिशवीत वाणसामानाची यादी करायची वही होती, तिच्यातच खरडते आहे. नुसतं बसून राहिले तर मी पडदा सारून आत जाईन, मला माझी खात्री नाही.

सुनेच्या पित्ताशयात खडे झालेत. तीन दिवस पोटात कळा, ताप, उलट्या. उद्या सकाळी ऑपरेशन. मुलगा सुरतेहून निघालाय, संध्याकाळपर्यंत पोचेल. तोवर मी आणि मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. हे गेल्यापासून घरातलं कुठलंही मोठं काम भाऊजींशिवाय होत नाही. माणूस वाईट नाही गं. म्हसावदहून गाडी करून त्यांनीच आणलं, तीन दिवस हलले नाहीत. पण दवाखान्यात सुद्धा ते पंचायतीत बसल्यासारखे बसतात. आणि ते आहेत म्हणून सून तापात फणफणत असताना डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून पडलेली, नि मी त्रेपन्न वर्षांची बाई, आज ना उद्या आजी होईन, मी सुद्धा पदर ओढून उभी.

तासाभरापूर्वी भुलीचे डॉक्टर आले. तरुण मुलगा, हातात कागद. खाटेजवळ वाकून त्यांनी तिला विचारलं, ‘दमा आहे का? आधी कधी भूल दिली होती? फिट्स येतात का? रोजची काही गोळी चालू आहे का?’ ती काही बोलायच्या आत भाऊजी पुढे. ‘तिले काय इचारतस साहेब, माले इचारा. पोरगी धडधाकट शे. तिले काही आजार नही.’ डॉक्टरांनी पदराकडे पाहिलं. पदर हलला, पण तो हो म्हणून हलला की नाही म्हणून, देवालाच माहीत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माय, मी पण म्हणाले, ‘नाही, काही नाही.’ त्यांनी कागदावर खुणा केल्या आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी बाहेर येऊन बसले. समोर भिंतीवर भला मोठा फलक, ‘रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या’. तीन दिवस त्याच्याखाली बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या, कुणी मान वर करून वाचलं नाही. एकेका रोग्यामागे सात-सात माणसं, आणि फलकावर लिहिलंय गर्दी करू नका. आज वाचला. आपला आजार समजून घ्यायचा हक्क रोग्याचा. डॉक्टरांशी खाजगीत बोलायचा हक्क रोग्याचा. आणि खाली जबाबदाऱ्यांत पहिलीच ओळ, आधीचे आजार आणि चालू औषधं खरी-खरी सांगावीत. खरी-खरी. त्या दोन शब्दांवर माझे डोळे असे अडकले की बाकीचं काही दिसेना.

तुझी खाट आठवली. खाट नव्हे, लोखंडी बाकडंच ते. तालुक्याचा दवाखाना, मी तेरा वर्षांची, तुझ्या उशाशी. तुला ताप भरलेला. थोरले काका, म्हणजे तुझे जेठ, शेजारी उभे, आणि तुझा पदर हनुवटीपर्यंत. डॉक्टर विचारतात, ‘आधी कुठलं इंजेक्शन बाधलं होतं का?’ काका म्हणतात, ‘नही साहेब, कधीच नही.’ आणि मला माहीत आहे की बाधलं होतं. तू स्वतः मला सांगितलेलं, चुलीपाशी, कळण्याची भाकरी थापता थापता. माझ्या जन्माआधी माहेरी तुला सुई दिली होती, अंगभर गांधी उठल्या, घसा बंद झाला, मरता मरता वाचलीस. हसत सांगितलं होतंस, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. मी तोंड उघडलं होतं गं. ‘काका,’ एवढंच म्हणाले. तर तूच पदराआडून दटावलंस, ‘मोठा माणसं बोली ऱ्हायनात ना, मधे बोलू नको.’ सुई दिली. दिवस मावळायच्या आत तू गेलीस.

लोक म्हणाले, आयुष्य तेवढंच होतं. मी चाळीस वर्षं तुझ्यावर रागावले. हो, तुझ्यावरच! काकांवर कसं रागावणार, त्यांना ठाऊकच नव्हतं. माहीत होतं ते तुला आणि मला, आणि आपण दोघींनीच तोंड शिवून घेतलं. मरणापेक्षा जेठासमोर बोलायची लाज मोठी होती का तुला? किती वेळा विचारलंय मी हे तुझ्या फोटोला. आणि आज तेच मी केलं. पोरगी समोर पडलेली आणि मी म्हणाले, काही नाही.

सांगण्यासारखं होतं, पण भाऊजींसमोर निघालं नाही, माय. सुनेला मिरगीची, फिट्सची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी सुई शोधताना तिच्या टिकल्यांच्या डब्याखाली मला पाकीट सापडलं. एक रिकामी पट्टी घेऊन शहाद्याच्या मेडिकलवाल्याला विचारलं, त्याने सांगितलं कशाची ते. म्हणजे माहेरच्यांनी लग्नात लपवलं, आणि ती आल्यापासून लपवतेय. मी पट्टी होती तिथे ठेवली आणि कुणाला बोलले नाही. मुलालाही नाही. फक्त तिला गाडी शिकू दिली नाही, विहिरीवर एकटी जाऊ दिली नाही, तेलाच्या कढईपाशी उभी राहिली की मीच झारा हिसकावून घ्यायची. तिला वाटत असेल, काय खाष्ट सासू आहे. वाटू दे. पण खरं सांगू का? मला ते बरंही वाटायचं. भिऊन असायची ती. कधी उलट बोलली नाही, आणि का बोलत नाही ते मला माहीत होतं.

आता मात्र ह्या तीन दिवसांत तिची गोळी पोटात गेलेली नाही. जाणार कुठून? घरच्या डब्याखाली आहे ती, आणि इथे चोवीस तास आमचा पहारा. डॉक्टरांना माहीत नाही. उद्या टेबलावर झटका आला तर? भुलीतून उठलीच नाही तर? तशीच उठले. आत गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भाऊजींच्या तोंडाकडे पाहून बोलले, ‘भाऊजी, तुम्ही खाली जाऊन चहा पिऊन या.’ ते म्हणाले, ‘आत्तेच पिना.’ मी म्हणाले, ‘आणखी एक प्या!’ ते असे बघत राहिले की जणू खाटच बोलली. पण गेले.

सिस्टर धडगावकडची, पावरा आदिवासी मुलगी, चणीने एवढीशी पण आवाज खणखणीत. तिला म्हटलं, ‘डॉक्टरांना परत बोलवा. जे विचारलं ते पुन्हा विचारा, पण तिलाच विचारा.’ डॉक्टर आले. सिस्टरने पडदा ओढला. मी खाटेच्या कडेला. डॉक्टर विचारतायत, आणि सून माझ्याकडे बघतेय. पदर आता खाली होता, म्हणून पहिल्यांदा तिचे डोळे नीट दिसले. ती भाऊजींना भीत नव्हती गं, माय. ती मला भीत होती. माझ्या जिभेवर होतं, सगळं सांगून टाकावं, मोकळं व्हावं. तेवढ्यात सिस्टरच म्हणाली, ‘मावशी, तुम्ही पण उठा. पडद्याच्या आत फक्त पेशंट.’ मी म्हणाले, ‘मी सासू आहे तिची.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच.’

म्हणून मी इथे आहे. किती वेळ झाला कळत नाही. ती बोलली नाही तर मी आत जाऊन सांगायचं हे ठरवलंय, मग ती जन्मभर माझं तोंड बघेना का. भाऊजी परत आलेत. ‘काय चाली ऱ्हायनं आत?’ म्हणून दोनदा विचारून झालं. मी सांगितलं, तपासतायत. त्यांनी पण फलक वाचायला घेतलाय, चष्मा नसल्याने तो अर्धाच दिसतो म्हणून कुरकुरतायत.

डॉक्टर येऊन गेले. भाऊजी पुढे झाले, ‘काय बोलनी ती?’ डॉक्टर म्हणाले, ‘ते तिचं आणि आमचं. ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकललंय, घाबरायचं कारण नाही.’ भाऊजींना राग आला, पण डॉक्टर उभे राहिले नाहीत. मी भिंतीला टेकले. इतकी रडले की भाऊजींना वाटलं काहीतरी भयंकर आहे, बिचारे पाणी आणायला धावले.

मग आत गेले. तिच्या हाताला सलाईन, ओठ सुकलेले. माझी चाहूल लागली तशी धडपडत पदर घ्यायला गेली, मी म्हणाले राहू दे. मग म्हणाली, ‘आत्या, तुमले एक सांगनं शे. रागवू नका. माले मिरगीनी गोळी चालू शे, लग्नाना आधीपासून.’ मी तोंडावर हात ठेवला. ‘अगं बाई’ म्हणाले. पहिल्यांदाच ऐकतेय असं केलं, आणि इतकं बेमालूम जमलं की माझी मलाच लाज वाटली. ती हुंदके देत सांगत राहिली, रोज कशी लपवून घ्यायची, समजलं तर माहेरी धाडाल म्हणून कशी झोप लागायची नाही. दोन वर्षांपैकी एका दिवशीही मी एक शब्द बोलले असते तर तिची झोप तिला मिळाली असती. मी तिचे केस सारखे करत राहिले. म्हणाले, ‘आधी सांगायचं ना, बाळ.’ तिने माझा हात गालाशी धरला आणि म्हणाली, ‘तुम्ही किती चांगल्या शेतस, आत्या.’

आणि मी ते ऐकून घेतलं, माय.