कारण सांग म्हणालास

मुलुंड,
मार्च १९५७

प्रिय नंदकुमार,

'प्रिय' लिहिलं ते आईने लावलेल्या वळणामुळे, तू तसा आहेस म्हणून नव्हे. तुझं कार्ड मिळालं. रविवारी जावईबापूंना घेऊन येतोस आणि शुभाला सासरी धाडतोस म्हणे.

शुभाच्या लग्नाआधी मुलाचं घर बघायला अंधेरीला मला तूच नेलंस. घाटकोपरच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून माझा जन्म गेला; ताईला घरात पाऊल टाकताच घर कळतं, असं चारचौघांत तूच मिरवायचास. मुलगा इंजिनीअर, पत्रिका जुळलेली, हुंडा नको म्हणणारा. परतताना मी म्हटलं, नंदू, इथे पोरगी देऊ नकोस. तू म्हणालास, "कारण सांग." मला सांगता येईना. मन घेत नाही, एवढंच बोलले. त्यावर बिनलग्नाच्या बाईला दुसऱ्याचं लग्न बघवत नाही, असं तू बायकोदेखत म्हणालास.

कारण मला सुचलं ते लग्नाच्या पंगतीत. त्या दिवशी अंधेरीच्या घरी मुलगा बाहेरून येईपर्यंत त्याची आई तोंडभर बोलत होती. तो आला, गोडच बोलला, पण तिने वाक्य अर्धवट टाकलं आणि हसती-खेळती धाकटी बहीण कोणी न सांगता उठून आत गेली. अशा घरांतल्या बाळंतिणी मी वर्षानुवर्षं पाहिल्यात रे. घरी कधी सोडाल, असं त्या कधीच विचारत नाहीत. डोळ्यांनी ओळखलं होतं, तोंडाला उशीर झाला. आणि तेव्हाच सांगितलं असतं तरी एवढ्यावरून कुणी स्थळ मोडतं का, असंच तू म्हणाला असतास. पगार, पत्रिका, उंची, सगळं तुला मोजता येत होतं. पोरगी तिथे मोकळा श्वास घेईल का, हे मोजता येईना, म्हणून तो प्रश्नच तू सोडून दिलास. शिकून मूर्ख राहिलास.

शुभा सासरहून एक पिशवी घेऊन माझ्याकडे आली. अंगावर वळ नाही, कुणी उपाशी ठेवलेलं नाही, म्हणजे तुझ्या लेखी काही झालेलंच नाही. काल मेथी निवडता निवडता तिने मला विचारलं, "आत्या, बाबांनाही कारण सांगावं लागेल का गं?" मी नाही म्हटलं. तेवढ्यासाठीच हे पत्र. यायचं तर एकटा ये, जेवून जा. पण दारात उभं राहून तिला कारण विचारलंस, तर मला भाऊ नव्हताच असं समजेन.

अजून तरी तुझीच,
रत्नप्रभा