दगडफुलाचे प्राध्यापक

भिलाई

तीर्थस्वरूप भय्याजींना आपल्या जवायाचे, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचे, श्यामरावाचे, कंबर साथ देईल तितके वाकून नमस्कार.

आपली साखर आटोक्यात असेल आणि शेवंतावहिनींचे गुडघे पुन्हा जिना चढू लागले असतील, अशी आशा आहे. आम्ही सारे खुशाल. लेक स्नेहल खुशाल असून माझ्याशी बोलत नाही. आपली भगिनी रत्नमाला बोलते, पण माझ्याशी नाही, माझ्याबद्दल. हे फोनवर सांगितलं असतं, परंतु आपल्या घरी फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांनी ऐकायची पद्धत आहे, म्हणून पत्र.

आपल्याला ठाऊकच आहे की आपल्या भाचीने वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केली. विषय दगडफूल. (आपण मसाल्यात घालतो तेच. एवढ्यासाठी पाच वर्षं काहून लागली, हे मी तिला एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही.) इथल्या रसमडा गावाच्या कारखान्यांच्या धुरात झाडांच्या खोडावर दगडफूल धरत नाही, आणि जसजसं लांब जावं तसतसं दिसू लागतं, हे तिने सिद्ध केलं. त्यासाठी मी तिला स्कूटरवर बसवून झाडाझाडाशी नेलं, म्हणजे या संशोधनाला पेट्रोल माझं आहे. त्यानंतर कुम्हारीकडच्या एका खाजगी विद्यापीठात (नाव लिहीत नाही, त्यांचा वकील आमच्याच गल्लीत राहतो) तिने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर आलं, पद भरलेलं आहे. चालायचंच, विद्वान माणूस बसला असेल, असं मी तिला समजावलं.

आता पंजाबराव. माझ्यासोबत पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये होते, निवृत्तीनंतर त्याच विद्यापीठाचे कुलसचिव झाले. मागच्या महिन्यात घरी आले, स्नेहल बाहेर गेली होती. म्हणाले, "श्यामराव, तपासणीची कमिटी येऊन राहिली. तुमाले फक्त खुर्चीवर बसाचं हाय. बोलाचं काई नाई." मी विचार केला, विद्यापीठात पाय पडेल, ओळखी होतील, पोरीसाठी शब्द टाकता येईल. बापाचं मन, भय्याजी, दुसरं काही नाही. (जेवणात पनीर होतं हे मला आधी माहीत नव्हतं.)

तपासणीच्या सकाळी पाहतो तर अर्धा प्राध्यापकवर्ग आमच्या मॉर्निंग वॉकमधला. पंजाबराव चेहरा पाहून विषय वाटत होते. चष्मा जाड तो गणित, केस लांब ते हिंदी, पोट पुढे तो अर्थशास्त्र. रेल्वेतले एक निवृत्त टीसी इंग्रजी झाले, कारण ते कोणाचं ऐकून घेत नाहीत. प्रत्येकाच्या दारावर संशोधनातली रुची छापून लावली होती, आणि आपली रुची काय आहे हे वाचायला आम्ही सगळे आपापल्या दाराबाहेर जाऊन उभे होतो. खरे प्राध्यापक दोनच. त्यातले रसायनशास्त्राचे फार मोकळ्या मनाचे. ज्या वर्षी ज्या विषयाला अनुदान, त्या वर्षी त्यांना त्यात रुची. नॅनो झालं, विषाणू झाला, सध्या कोदो-कुटकीसारखी भरडधान्यं चालू आहेत. दुसरे इतिहासाचे. ते वर्गात आपल्या गुरूंच्या नोट्स वाचून दाखवतात आणि गुरू गेल्यापासून इतिहास तिथेच थांबला आहे.

मी उन्हात काळवंडलेला, म्हणून मला वनस्पतिशास्त्र मिळालं. विभागप्रमुख. खुर्चीत टेकलो, टेबलावरची पाटी वाचली, आणि मग डोक्यात उजेड पडला की पोरीला दोनदा सांगितलेलं ते भरलेलं पद म्हणजे हेच, आणि त्यात बसलेला विद्वान म्हणजे मी. उठणार, तेवढ्यात कमिटी आत आली.

कमिटीच्या अध्यक्षा वनस्पतिशास्त्राच्याच निघाल्या. (नशीब कधी अर्धवट काम करत नाही.) विचारतात, "आपका रिसर्च इंटरेस्ट क्या है, सर?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पत्थरफूल, मैडम." बाई एकदम खुर्ची ओढून बसल्या. नमुने कुठले घेतले? मी रसमड्यापासून सुरुवात केली. कुठला आंबा, कुठलं साजाचं झाड, कुठल्या बाजूच्या सालीवर काय दिसलं, सगळं सांगितलं, कारण मी स्कूटर धरून तिथे उभाच होतो. शेवटी बाईंनी विचारलं, जाती ओळखता कशा? इथे माझी गाडी रुळावरून उतरली. म्हटलं, "वो मैं नहीं देखता, मेरी जूनियर देखती है." बाईंनी समाधानाने मान हलवली. पंजाबराव नंतर म्हणाले, या एका वाक्याने त्यांची खात्री पटली की माणूस अस्सल सीनियर प्रोफेसर आहे.

पण मला राहवेना. म्हटलं, मॅडम, खरं सांगतो, हे काम माझं नाही, माझ्या मुलीचं आहे, मी फक्त स्कूटर चालवली. मागे पंजाबरावांचा चेहरा भट्टीसारखा लाल. बाईंना मात्र भरून आलं. म्हणाल्या, आजवर पोरांच्या कामावर आपलं नाव घालणारे फार पाहिले, आपल्या कामाचं श्रेय पोरीला देणारे तुम्ही पहिलेच! आणि अहवालात लिहून गेल्या की या विभागाचं नेतृत्व अत्यंत समर्थ हाती असून नवीन नेमणुकीची गरज नाही.

स्नेहलने तिसरा अर्ज टाकला होता, हे मला तो परत आला तेव्हा कळलं. सोबत कमिटीचा अहवाल जोडलेला, त्यात माझा फोटो. टाय लावलेला. तिने तो टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "बाबा, आता उठा न तिथून. मले बसू द्या." आणि आत निघून गेली. भय्याजी, तीस वर्षं भट्टीसमोर काढली, इतकी झळ कधी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला गेलो. पंजाबराव म्हणाले, राजीनामा कसा घेऊ, तुमची नेमणूकच नाही. म्हटलं, मग जागा रिकामी आहे. तर म्हणाले, रिकामी कशी, तुम्ही हाय न! मी स्पष्ट सांगून आलो की या असल्या नाटकात माझी सावलीही पुन्हा दिसणार नाही. तत्त्व म्हणून काही असतं की नाही? आपण मला नेहमी हेच शिकवत आलात.

आपला आज्ञाधारक,
श्यामराव

ता.क. पत्र टाकायचं आठवडाभर राहिलं, त्यात थोडं घडलं. पंजाबराव पुन्हा आले. कमिटी फेरभेटीला येते आहे. मी वनस्पतिशास्त्र सोडून भूगर्भशास्त्रात गेलो (दगडफुलातला दगड मला समजतो, असं त्यांचं मत) तर ती जागा खरोखर रिकामी होते, आणि तिथे स्नेहलची नेमणूक पक्की, पगारासकट. एकच अट. तत्त्वज्ञानवाले गृहस्थ मुलाकडे पुण्याला निघून गेले, त्यांच्या जागी एक माणूस आणून द्यायचा. आपण कमी बोलता, दाढी पांढरी आहे, आणि कोणी काहीही विचारलं तरी "पाहण्यावर असते" एवढंच म्हणता. आपलं नाव मी त्यांना कळवून टाकलं आहे. तिकीटही काढलं आहे. खालचा बर्थ मिळाला.

ता.क. २. वहिनींना म्हणावं, सोबत या. रत्नमाला एकटी गृहविज्ञान विभाग सांभाळू शकणार नाही.

ता.क. ३. स्नेहलला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतं आहे की तिची निवड गुणवत्तेवर झाली. (ती झालीच आहे. फक्त तेवढ्यासाठी घरातल्या चौघांना प्राध्यापक व्हावं लागलं.)