कलम आठ आणि गाळलेली ओळ

मी, रमाकांत गोविंद कारखानीस, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय आधी कंपोझिटर, मग संपादक, मग लेखक आणि हल्ली विनोदी एकपात्री कार्यक्रम, शिक्षण सातवी (पुढचे स्वतःच्या मर्जीने), राहणार फतेगंज, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास आजच्या वर्तमानपत्रात मी लाल पेन्सिलीने काढलेले सात मुद्रणदोष पाहावेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी सौ. मंदाकिनी शेजारी बसून मटार सोलते आहे आणि "अहो, मृत्युपत्रात तरी पाल्हाळ नको," एवढेच म्हणाली आहे. ते मी दडपण मानत नाही.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला छपाईयंत्र विकणाराही हेच म्हणाला होता. म्हणून लिहून ठेवतो.

१. फतेगंजातील दोन खोल्यांचे घर मंदाकिनीला आणि तिच्या पश्चात आमची मुलगी नीरा हिला मिळावे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी उलटी बसली आहे. ती वर ढकलली की उघडते. सुतार बोलावू नये.

२. पोस्टातील बचतपत्रे नीराला. ती नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते आणि घरी आमच्याशी निम्म्या गुजरातीत बोलते. मृत्युपत्राचे सांगितले तर म्हणाली, "पप्पा, आ बधुं शा माटे, हे सगळं कशाला? गुरुवारनंतर तुम्ही एकदम मस्त." वैद्यकशास्त्रात 'मस्त' कुठे बसते ते मला ठाऊक नाही, पण मुलीने सांगितले म्हणून इथे नोंदवतो.

३. कंपोझिंग स्टिक, चिमटा आणि शिशाच्या खिळ्यांच्या दोन केसेस नीरालाच. 'ळ'च्या कप्प्यात खिळे कमी आहेत. ते पूर्वीपासूनच कमी होते. मी हरवलेले नाहीत.

४. 'कुरापत' मासिकाचे, १९६९ ते १९८१, बारा बांधीव खंड शहरातील जे ग्रंथालय ते कुलपात न ठेवता वाचायला देईल त्याला द्यावेत. हे मासिक मी सत्ताविसाव्या वर्षी, कोणत्याही पदवीशिवाय काढले. गुजरात होऊन नऊ वर्षे झाली होती, संस्थान जाऊन वीस, पण आमच्या मराठी दिवाणखान्यांत ही बातमी पोचली नव्हती. जो तो सांगे, आमचे आजोबा हत्तीवर अंबारीत बसत. मी घरोघर जाऊन, चहा पिऊन, यादी केली. एकशे बारा आजोबा भरले. पहिल्याच अंकात नावनिशीवार यादी छापून खाली लिहिले की इतके हत्ती पाळले असते तर संस्थान चाऱ्यातच बुडाले असते. माझे स्वतःचे आजोबा यादीत एकोणचाळिसावे होते. ते हुजूर कचेरीत कारकून होते आणि पायी जात.

५. त्या अंकावर आलेली पहिली वकिली नोटीस, आमच्या मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष प्रतापसिंहराव यांच्या आजोबांचा हत्ती खरा होता असे बजावणारी, प्रतापसिंहराव यांनाच चौकटीत घालून परत द्यावी. सोबत एक डाव्या पायाची चप्पल द्यावी. १९८८ साली बाजव्याच्या कॉलनीत गणेशोत्सवातील माझ्या कार्यक्रमात त्यांच्या एका अनुयायाने ती फेकली होती. उजवी त्यांच्याकडे असेलच. जोड पुरा झाल्यावर आमचा वाद मिटला असे मी समजेन.

६. सत्कारात मिळालेल्या एकतीस शाली मंडळाला परत कराव्यात, म्हणजे पुढचे सत्कार अडणार नाहीत. त्यांतील चार मला दोनदा मिळाल्या आहेत. नारळ आम्ही खाल्ले.

७. माझे विनोद. मासिक बंद पडल्यावर मी तोच मजकूर पुस्तकांत घातला, तेव्हा तो कोणी वाचला नाही. मग तोच उभे राहून बोललो, तर लोक तिकीट काढून हसू लागले. तात्पर्य काय ते मला आजतागायत कळलेले नाही. या विनोदांचे हक्क मंदाकिनीला. तिने चौदा वर्षांत माझा एकही कार्यक्रम पाहिला नाही. कारण विचारले तर म्हणाली, "तुम्ही 'आमची ही' म्हणालात की लोक हसतात. ते मला इथे घरी बसूनसुद्धा ऐकू येतं." तेव्हा 'आमची ही' असलेला प्रत्येक विनोद ठेवायचा की जाळायचा, हे तिनेच ठरवावे. लिहिलेले प्रत्येक कलम मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो आहे; हेही दाखवले, आणि ती मटार सोलतच राहिली.

८. दामोदर चिंतामण वैशंपायन याला मी काहीही देत नाही. दिले तरी तो घेणार नाही. त्याच्याकडून एक मागतो.

दामोदर 'कुरापत'चा मुद्रितशोधक होता, पगाराशिवाय, आठ वर्षे. त्याच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय माझ्या मासिकात स्वल्पविरामसुद्धा छापला गेला नाही. मासिकात 'आगाऊ श्रद्धांजली' नावाचे माझे एक सदर होते. गावातल्या जिवंत माणसावर मृत्युलेख लिहायचा, काळ्या चौकटीत, आणि खाली बारीक टायपात एक ठरलेली ओळ: 'वरील गृहस्थ हयात आहेत.' लोक चिडत आणि अंक विकत घेत. ऑगस्ट १९७७ मध्ये दामोदरला चाळीस पुरी होत होती. मी त्याच्यावरच श्रद्धांजली लिहिली. गंमत म्हणून त्याला प्रूफ दाखवले नाही. मजकूर मीच जुळवला, मीच वाचला, मीच 'छापा' लिहिले. पान एका ओळीने वाढत होते. मी ती ठरलेली ओळ उचलली.

दामोदरच्या आई, अहल्याबाई, इंदूरला थोरल्या मुलाकडे असत. आमच्या पहिल्या वर्गणीदार त्या. त्यांनी काळी चौकट वाचली, अंगावरच्या लुगड्यानिशी स्नान केले आणि मिळेल त्या गाडीने बडोद्याला आल्या. दार दामोदरने उघडले, अर्ध्या गालाला साबण लावलेला. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी दाढी पुरी कर."

मी भेटायला गेलो. म्हणालो, "काकू, जागा नव्हती हो."

त्या हसल्या. "खोटी मरणवार्ता आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. दामूचं वाढलं. कुठून तरी ते यायचं असतंच, रमाकांता. माझ्यातून गेलं असेल."

संक्रांतीच्या आत त्या वारल्या. डॉक्टरांनी वय हे कारण सांगितले. दिवस झाल्यावर दामोदर कचेरीत आला, लाल पेन्सिल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "यापुढे तुझं प्रूफ तूच वाच." ते शेवटचे बोलणे. तेव्हापासून एकाच फतेगंजात आम्ही अठरा वर्षे राहतो. एकदा भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, शेजारी उभे होतो. त्याने लारीवाल्याच्या पाटीवरची चूक काढली. माझी काढली नाही.

आता जे मी मासिकात छापले नाही ते येथे लिहितो. जागा होती. त्याच पानाच्या तळाशी 'संपादक: रमाकांत गोविंद कारखानीस' ही ओळ होती, चौदा पॉइंटात. दोन्ही ओळींवर माझा चिमटा फिरला. मी माझे नाव ठेवले आणि दामोदर हयात असल्याची ओळ उचलली. जगभर लोकांच्या चुका छापत हिंडलो, ही एक मात्र छापली नाही. मंदाकिनीलाही हे आत्ताच कळते आहे. मटार सोलणे थांबले आहे.

तरी माझी श्रद्धांजली दामोदरने लिहावी. हवी तेवढी कडू लिहावी. प्रूफ त्यानेच पाहावे.

९. साक्षीदार. ज्याला यातून काही मिळत नाही असेच दोघे घ्या, असे वकिलांनी सांगितले. पहिल्या साक्षीदार शेजारच्या निवृत्त शिक्षिका स्नेहलताबाई. दुसरी जागा दामोदरसाठी ठेवली आहे. त्याने सही न केल्यास ती कोरी राहू द्यावी. तेथे दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये. एका सहीवर मृत्युपत्र पोकळ ठरते हे मला माहीत आहे. घर आणि पैसे मंदाकिनीला व नीराला वारसाने मिळतीलच. वाया जाईल ते फक्त कलम आठ.

यावर मंदाकिनी उठली, साडी बदलली आणि म्हणाली, "कागद द्या इकडे. मी जाते त्यांच्याकडे. तुम्ही गेलात तर पुन्हा जागा नव्हती म्हणाल."

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. माझ्या परीने निर्दोष आहे.

रमाकांत गोविंद कारखानीस
फतेगंज, बडोदे
रविवार, ११ फेब्रुवारी १९९६

साक्षीदार पहिला:
कारखानीसांनी माझ्यासमोर सही केली. आवाज नेहमीसारखा मोठा होता.
स्नेहलता मुजुमदार

साक्षीदार दुसरा:
मंदाकिनीवहिनींबरोबर येथे आलो. रमाकांतने ही सही आपलीच असल्याचे माझ्यासमोर सांगितले. न वाचता सही करण्याची मला सवय नाही, म्हणून सबंध वाचले. कलम चार: संस्थान जाऊन वीस, बरोबर. कलम आठ: 'जगभर' खोटे, अंक सुरतेपलीकडे फारसा गेला नाही. आई गेली ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी. बाकी मजकूर खरा आहे. तो अठरा वर्षे उशिरा आला.

कलम आठमधील मागणी नामंजूर. मेल्यावर लिहिणार नाही. श्रद्धांजली बुधवारी संध्याकाळी, तुझ्या शस्त्रक्रियेच्या आधी, लिहून आणतो आणि तुझ्या तोंडावर वाचतो. कडू असेल. चौकट काळी असेल. खाली ती ओळ असेल. जागा ठेव.

दामोदर चिंतामण वैशंपायन