साडूकडे पाठवलेलं भंगार

४ फेब्रुवारी, दुपारी

सासूबाईंकडून आत्ताच आलो. साडूवर सूड उगवायचं ठरवलं आहे. कारण इथे लिहून ठेवतो. माझा स्वभाव मुळात दिलदार, चार दिवसांनी राग निवला तर कशाबद्दल चिडलो होतो ते विसरायला नको.

माळा आवरताना सासऱ्यांची जुनी रेसिंग सायकल निघाली. पोलादी, आकाशी रंगाची, जागोजाग गंजलेली. सासरे असताना त्यांनी मला तिला बोट लावू दिलं नाही. पाइपवाल्याचे हात, डाग पडतील, म्हणायचे. धाकटा जावई मात्र खुशाल चक्कर मारून यायचा. तो कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याचे हात स्वच्छ.

सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळी हे हिच्यावरून फाटकातून आत यायचे, माझ्या पंच्याहत्तरीला ही तशी येताना एकदा बघायचीय. मी लगेच म्हटलं, मी करतो तयार, आणि मीच चालवत आणतो. तर साडू जेवता जेवता म्हणाला, दादा, नळ जोडणं वेगळं आणि सायकल जोडणं वेगळं.

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. आमची ही तर ठसका लागेपर्यंत हसली, आणि पाणी साडूने दिलं.

वाढदिवस २४ मार्चला आहे. तोवर हसून घ्या म्हणावं.

५ फेब्रुवारी

सायकल दुकानामागच्या गोदामात आणली. निवांत पाहिली. आहे काय हिच्यात? पाइप! हातगाडीवर पाइप ओढत सुरुवात केली आणि आज पाइप-नळांचं दुकान आहे माझं. मी या चार नळ्यांना घाबरू?

प्लॅन असा. फ्रेम जुनी, बाकी सगळं मॉडर्न. ब्रेकच्या लिव्हरमधूनच बदलणारे गिअर, नवी चाकं, नवं हँडल. सायकलचा जीव फ्रेममध्ये असतो. बाकीचे नुसते कपडे.

रोज पहाटे व्यायाम. उद्यापासून.

६ फेब्रुवारी

व्यायाम उद्यापासून. आज सीट काढली. चामड्याची, कडक, मधोमध सासऱ्यांच्या बैठकीचा खळगा पडलेला. टाकून देणार होतो, तेवढ्यात डोक्यात बदल्याची नामी आयडिया आली. सीट टेम्पोवाल्याच्या हाती साडूकडे धाडली. निरोप दिला: तुमच्या इतिहासाच्या तासाला दाखवायला होईल.

टेम्पोवाला उत्तर घेऊन आला: फार आभारी आहे.

शरमेने बोलणं सुचलेलं दिसत नाही. आता जो जो जुना भाग निघेल तो तो त्याच्याकडे. त्याचं अंगण भंगाराने भरून टाकतो. मेहुणी झाडू मारताना रोज माझं नाव घेईल.

१० फेब्रुवारी

हँडल, ब्रेक, दोन्ही चाकं आणि गिअरचे कानासारखे दिसणारे जुने खटके, सगळं रवाना. निरोप: अजून येतंय, जागा करून ठेवा.

उत्तर: जागा केली आहे.

लाचारी ती हीच.

१३ फेब्रुवारी

पायडलचा दांडा ज्या आसावर फिरतो त्याची उजवीकडची वाटी निघत नाही. मोठा पाना लावला. त्यावर लांब पाइप चढवून जोर केला. ढिम्म हलली नाही. आटे म्हणजे माझा रोजचा विषय, तेव्हा चूक वाटीची आहे.

१५ फेब्रुवारी

वाटी तिथेच आहे. माझी कंबर जागेवर नाही. कंबरेमुळे व्यायाम स्थगित.

हिने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, अहो, त्या बाजूचे आटे उलटे असतात म्हणे, तुम्ही इतके दिवस घट्ट करताय. मी म्हटलं, बायकांनी व्हिडिओ पाहून पाने चालवले असते तर आमची दुकानं बंद पडली असती. ती म्हणाली, बरं, आणि भाजी निवडायला गेली.

ती आत गेल्यावर उलटं फिरवून पाहिलं. निघाली. अर्थात मी आधी घट्ट केल्यामुळेच ती सैल झाली असणार. वाटी, आस, दांडे, पायडल साडूकडे. निरोप: सांभाळा, हे आटे उलटे असतात, तुम्हाला माहीत नसेल.

२१ फेब्रुवारी

आज गंमत झाली. साडू स्वतः दुकानात आला! गंज काढायचं औषध, बारीक पॉलिश पेपर आणि ग्रीसचा डबा मागितला. मी विचारलं, काय, खिडक्यांचे गज घासायला काढले वाटतं? तो म्हणाला, असंच काहीतरी जुनं घासतोय, दादा.

मी मोठ्या मनाने सूट दिली. शत्रूला उपकाराखाली ठेवलेलं बरं. पॉलिश पेपर कसा ओला करून घासावा तेही दाखवलं. बिचारा अगदी मन लावून ऐकत होता.

२६ फेब्रुवारी

माझे कान तिखट आहेत, धंद्याने केलेत. ही स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. पलीकडून मेहुणी सांगत होती ते मला पॅसेजमधून स्पष्ट ऐकू आलं: कॉलेजातून आले की गच्चीवर जातात, जेवायला हाक मारली तरी खाली येत नाहीत, स्वतःशीच हसतात.

माणूस खचला. भंगार पाहून पाहून डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. क्षणभर वाईट वाटलं. मग ठसका आणि पाणी आठवलं, आणि वाईट वाटायचं थांबलं.

३ मार्च

नवं सामान आलं. खोकी उघडली. काय ते गिअर! चकाचक! एकच बारीक अडचण. नवं मागचं चाक रुंद आहे, फ्रेमच्या मागच्या चिमट्यात बसत नाही. अगदी थोडक्यासाठी. दाबून पाहिलं, ठोकून पाहिलं, समजावून पाहिलं.

ही म्हणाली, अहो, भाऊजींना विचारा ना, ते चालवायचे ही. मी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती पुन्हा हसली.

४ मार्च

उपाय सापडला. गाडीचा जॅक. जो अख्खी गाडी उचलतो तो चिमट्याची दोन बोटं लांब करणार नाही? चिमट्यात आडवा बसवला आणि हळूहळू फिरवत गेलो. पोलाद लवचिक असतं. आजचा दिवस माझा.

४ मार्च, संध्याकाळी

कट्ट असा आवाज आला.

६ मार्च

दोन दिवस शांत डोक्याने विचार केला. चिमट्याचा जोड उघडला आहे, एक नळी वाकडी झाली आहे. हा फ्रेमचा जुना दोष होता, माझ्या जॅकने फक्त उघडकीस आणला. सासऱ्यांनी इतकी वर्षं तो लपवून ठेवला होता.

आणि मुळात फ्रेम म्हणजे काय, हाडं. सायकलचा जीव चालवणाऱ्यात असतो. नवी पोलादी फ्रेम मागवली, तशीच आकाशी. सायकल तीच म्हणायची.

जुनी फ्रेम टेम्पोत घातली. चिमटा जरा वेडावाकडा दिसत होता म्हणून गोणपाटात गुंडाळली. हिने दारातून पाहिलं आणि म्हणाली, अहो, आता बाबांची अख्खी सायकल त्यांच्याकडे गेली. मी म्हटलं, सायकल नाही, भंगार. ती म्हणाली, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय? मी म्हटलं, सगळं कळतंय, जेवायला वाढ.

निरोप: हा शेवटचा हप्ता, दारात तोरण म्हणून टांगा.

टेम्पो उशिरा परतला, उत्तराशिवाय. टेम्पोवाला म्हणाला, साहेब फ्रेम मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

जिरली. ठार जिरली.

१२ मार्च

सायकल उभी राहिली! गिअर लोण्यासारखे बदलतात. चौथ्यावरून पाचव्यावर जाताना चेन खाली पडते, तेवढं सोडलं तर. चौथ्यातच चालवेन. वाढदिवसाला शर्यत थोडीच आहे.

१८ मार्च

सायकलवाल्यांची घट्ट चड्डी आणि टी-शर्ट आणला. घालून आरशासमोर उभा राहिलो. पोट आत घेतलं तर रुबाबदार दिसतं. ही आत आली, पाहिलं, आणि तशीच बाहेर गेली. बाहेरून बराच वेळ आवाज येत होता. हसण्याचाच असावा, पण कान तिखट असले म्हणजे प्रत्येक गोष्ट ऐकलीच पाहिजे असं नाही.

उद्या एक फेरी मारून सराव.

२३ मार्च

सराव राहिला. दुकानात गर्दी. तयारी मनाची असावी लागते, आणि ती झाली आहे. उद्या साडूचा चेहरा पाहायचा. फोटो काढायला हिला सांगून ठेवलं आहे. माझा नाही, त्याचा.

२४ मार्च, संध्याकाळी

घडलं तसं लिहितो.

ठरल्या वेळी फाटकातून आत शिरलो. चौथ्या गिअरमध्ये, पोट आत. सायकलचा जरासुद्धा आवाज नाही, इतकी उत्तम जोडली आहे. सासूबाई पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांच्या माहेरचे, शेजारचे सगळे भोवती. मी ऐटीत ब्रेक दाबला.

सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाल्या, कोण हो? मग ओळखलं. म्हणाल्या, जावईबापू होय! छान आहे हो नवी सायकल. जरा बाजूला घेता का, फाटक दिसत नाहीये.

मी बाजूला घेतली.

मी म्हणणारच होतो की अहो हीच ती, पण तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून टिकटिक ऐकू आली. पायडल थांबवून सायकल नुसती सोडून दिली की जुन्या मागच्या चाकातून येते तशी. माझे कान तिखट. मी लग्न ठरवायला या घरी आलो तेव्हा सासरे असेच टिकटिकत आले होते, आणि मी घाम पुसत उभा राहिलो होतो. सायकल दिसायच्या आधीच सासूबाई उठून उभ्या राहिल्या. काठी खुर्चीलाच राहिली.

साडू होता. सासऱ्यांची सायकल. तीच सीट, तेच हँडल, तेच खटके, सगळं लखलखीत. चिमट्याच्या जोडाला पितळेचा बारीक टाका. माझ्याच दुकानातल्या पॉलिश पेपरने घासलेली.

पण तो आत आला नाही. फाटकाबाहेरच उतरला. हाताने सायकल धरून मला हाक मारली. म्हणाला, दादा, या, तुम्हीच आणा आत. मोठे जावई तुम्ही. आणि एकेक भाग जपून तुम्हीच तर पाठवलात, मी नुसते जोडले.

सगळे माझ्याकडे पाहत होते. सासूबाईसुद्धा. टोमणा आहे का म्हणून मी साडूचा चेहरा नीट न्याहाळला. नव्हता. तेच सगळ्यात वाईट झालं.

मी म्हटलं, तुम्हीच आणा. मला आहे माझी.

मग त्याने आणली. सासूबाईंनी हँडलवर हात ठेवला, मग सीटच्या खळग्यावर. हिने फोटो काढले. साडूच्या चेहऱ्याचा मी सांगितलेला फोटोही आहे. चांगला आलाय.

२५ मार्च

विचार केला तर ती सायकल मीच दुरुस्त केली. उघडली मी, माल पुरवला मी, ग्रीस माझं. साडू फक्त मजूर. हिला हे समजावलं. ती म्हणाली, मग काल बसला का नाहीत?

कंबर दुखत होती, असं सांगितलं.

२ एप्रिल

मेहुणीचा फोन आला की मोरीतला नळ गळतोय. मी म्हटलं, माणूस पाठवतो. मग स्वतःच गेलो. माणसं कामात होती.

नळाचा वॉशर बदलला. साडू कॉलेजात. मेहुणी चहा करायला आत गेली. सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकवलेली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं.

आधी हात धुतले. साबणाने.

भिंतीला धरून एक पाय पलीकडे टाकला आणि वर बसलो. सासरे चांगले उंच होते आणि साडू ताडमाड, ही गोष्ट मी कधी विचारात घेतली नव्हती. माझ्याकडे ती कायम सुट्या भागांतच होती. डावा पाय खाली पोचेना. उजवाही पोचेना. उतरायचं तर सायकल कलती करायला हवी, आणि खाली गुळगुळीत फरशी. रंगाला ओरखडा गेला असता.

म्हणून भिंतीला हात लावून तसाच बसून राहिलो. खळग्यात नीट बसता येत नव्हतं, पण वाईटही नव्हतं. हँडल धरलं. फाटकाकडे पाहिलं.

मेहुणी चहा घेऊन आली. मला पाहिलं. कप खिडकीत ठेवला आणि म्हणाली, भाऊजी, धरू का?

मी म्हटलं, छे छे, मी चाकातली हवा बघतोय.

ती म्हणाली, बघा की, आणि मागून सीट घट्ट धरून उभी राहिली.