तळघरातलं सामान

पिस्कॅटवे, २२ ऑक्टोबर २०२३

चि. अरुण,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही बरं आहे म्हणून ठेवून देतो, म्हणून हे पत्र. परवाच्या पावसात मागचा ओढा रस्त्यापर्यंत आला. शेजारच्या सलोनीच्या तळघरात पाणी शिरलं. तिच्या होम इन्शुरन्समध्ये म्हणे पुराचं पाणी बसतच नाही! माझंही तसंच आहे का? पॉलिसीची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. ही कामं राजेश करायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी असला कागद आला की मी अजून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवते.

सीमाला सांग, तिखट कमी खा.

बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी शोभनाताई


प्लेनो, २ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पॉलिसी दोनदा वाचली. पूर त्यात नाही. त्याची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. त्यातही घराचं कव्हर वेगळं, सामानाचं वेगळं. दोन्ही घे, आणि याच आठवड्यात घे. घेतल्यापासून तीस दिवसांनी ती लागू होते. वादळाची बातमी ऐकून धावाधाव केली तर उपयोग नाही.

पुढचं लिहायला जड जातंय. तळघरातली घर गरम ठेवणारी फर्नेस, विजेचा बोर्ड असलं काही त्यात धरतात. तिथलं बाकीचं सामान बहुतेक नाही. राजेशरावांची सुतारकामाची हत्यारं, त्यांचा तो अर्धवट राहिलेला झोपाळा, सगळं वर आणायला हवं. तिथे तू कुणाला हात लावू देत नाहीस, ठाऊक आहे. मी येऊ का मदतीला?

सीमा म्हणते, ताईंनी घर विकून इकडेच यावं. मी तिला म्हटलं, ताईला असं सांगायची माझी छाती नाही. आता लिहून टाकलं. रागावू नकोस.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझा अरुण


पिस्कॅटवे, ३० डिसेंबर २०२३

चि. अरुण आणि चि. सौ. सीमा,
अनेक आशीर्वाद.

पॉलिसी बारा तारखेला लागू झाली आणि अठराला पाणी आलं. तळघरात छातीएवढं.

सामान मी आधीच वर आणलं होतं. पहिल्या दिवशी नुसती पायरीवर बसून परत आले. दुसऱ्या दिवशी एक रंधा आणला. त्याच्या अ‍ॅप्रनच्या खिशात लाकडाचा भुसा होता, तो तसाच राहू दिला. झोपाळ्याची फळी काही उचलेना. सलोनीनं दुसरं टोक धरलं.

इन्शुरन्सचा माणूस पाहणीला आला. फर्नेस, बोर्ड, भिंती, सगळ्याचे फोटो काढले. खाली काय सामान होतं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नव्हतं. तो म्हणाला, शहाणपणा केलात. तो गेल्यावर त्या रिकाम्या तळघराकडे बघून जे रडू फुटलं, ते राजेश गेला त्या दिवशीही फुटलं नव्हतं.

दुरुस्तीचे पैसे मिळतील, काळजी नको. पण नंतर मी एजंटला फोन करून विचारलं की घर विकलं तर ही पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर होते का. होते म्हणाला. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, मी काय विचारून बसले ते!

उन्हाळ्यापर्यंत मला इथे राहू दे, अरुण. मग माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आला होतास, तसा मला न्यायला ये.

वाट पाहणारी,
ताई