मारेगावचा निरोप समारंभ

मारेगाव,
सोमवार, १५ डिसेंबर २००८

चि. देवसिंग यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही बराच असशील, कारण तुला बरं नसलं की दुसऱ्याच दिवशी फोन करून तू मला दोष देतोस. मानीबाईच्या गुडघ्यांची चौकशी मात्र मुद्दाम करते. का, ते पुढे येईल.

हे पत्र शेवटपर्यंत वाचायचं आणि मध्ये मान वर करायची नाही. (लहानपणी तुला पाढे म्हणायला बसवलं की तिसऱ्या पाढ्याला तू दाराबाहेर बघायचास. त्या सवयीला साठ वर्षं होत आली, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

एका इसमाचं नाव तुझ्या घरात काढायचं नाही, ही तुझी वीस वर्षांची ताकीद मला ठाऊक आहे. मी नियम पाळणारी बाई आहे, म्हणून या पत्रात त्याला 'कलाकार' म्हणते. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून, गिटार घेऊन मुंबईला गेलेला जो कोणी असेल, तो. त्याचं एक गाणं तू टीव्हीवर मिनिटभर ऐकलंस, 'कवडी' म्हणालास आणि टीव्ही बंद केलास. तुझ्यासारख्या, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या तोंडी कवडी म्हणजे शेवटच्या वेच्याचा, पिवळा पडलेला, खरेदी केंद्रावरून घरी परत न्यायचा कापूस. तेव्हापासून तू टीव्ही आणि मुलगा दोन्ही बंद ठेवलेस. (क्रिकेटसाठी टीव्ही तू कधीच पुन्हा सुरू केलास, हे मला मानीबाईकडून कळलं आहे.)

तर या कलाकाराला गायला लागून यंदा वीस वर्षं झाली. त्यानिमित्त त्याने गावोगाव दौरा काढला. पहिल्या गाण्यापासून आजच्या गाण्यापर्यंत सगळी कारकीर्द एका बैठकीत, असा तो कार्यक्रम. मुंबई, पुणे, इंदूर, हैदराबाद झालं आणि शेवटचा मुक्काम त्याने हट्टाने मारेगावला ठेवला. तुझ्या दारी, नेरला यायची त्याची छाती नव्हती. तयारीचं काम आपल्या तांड्याचा माजी सरपंच गुलाबसिंग याच्याकडे आलं आणि तिथेच घोटाळा झाला. आपल्याकडे माणसाची कारकीर्द उभ्या जन्मात एकदाच काढतात, ती तो निवृत्त होतो त्या दिवशी. गुलाबसिंगने आजवर तलाठ्यापासून कंडक्टरपर्यंत चाळीसेक माणसं निवृत्त केली आहेत. त्याच्याकडे फलक घडी करून तयारच असतो, फक्त नाव बदलायचं. मी एकदा शंका काढली की एकेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती कशी? तर म्हणाला, "बाई, मुंबईले लवकर रिटायर करतात. हवा खराब हाय ना तिथली! अन् माणूस रिटायर होऊन राह्यला, त्याले काय नुसता चहा पाजून धाडता?" मला ते पटलं. (बी.ए. झालेल्या बाईला ते कसं पटलं, हे विचारू नये.) मी अध्यक्षपद स्वीकारलं.

मांडव घातला तो दोन हंगाम बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात. गर्दीची चिंता नव्हती. भाव नाही म्हणून यंदा प्रत्येकाच्या घरात छतापर्यंत कापूस भरून आहे, माणसांना झोपायला जागा नाही, तेव्हा बाहेर बसायला मिळतंय म्हणूनच निम्मा तालुका आला. घरातल्या कापसाने अंगाला खाज सुटलेली माणसं आधीपासूनच हलत होती. त्यांना नाचायला वेगळं शिकवावं लागलं नाही. लोडशेडिंगमुळे लाईन बारा ते चार एवढीच, म्हणून कार्यक्रम भर दुपारी.

कलाकार काळा चष्मा लावून, चार वादक घेऊन व्यासपीठावर आला. डोक्यावरचा 'सेवानिवृत्ती निरोप समारंभ' हा फलक त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "आत्या, हे काय आहे?" मी म्हटलं, "खाली बस." तो बसला. (वळण चांगलं आहे. कुणाचं, ते तू ठरव.) मग त्याला सात शाली, अकरा नारळ, एक छत्री, भिंतीवरचं घड्याळ आणि उतारवयात उपयोगी पडावी म्हणून काठी देण्यात आली. काठी त्याने हातात धरून पाहिली आणि चेहरा इतका गंभीर केला की पुढच्या रांगेतल्या रुपीबाईने डोळ्यांना पदर लावला. ड्रम वाजवणाऱ्याला नारळ कुठे ठेवावे कळेना, त्याने ते मोठ्या ड्रमच्या पोटात ठेवले. पुढे प्रत्येक गाण्यात त्यांचा आवाज आला. लोकांना वाटलं, मुंबईची हीच पद्धत असेल. एसटीतून निवृत्त झालेला डोंगरसिंग 'सत्कारमूर्तींविषयी दोन शब्द' म्हणून उठला आणि पन्नास मिनिटं स्वतःच्या ब्रेकविषयी बोलला. असं करता करता तीन वाजून वीस मिनिटं झाली. वीस वर्षांच्या गाण्यांना चाळीस मिनिटं उरली.

तू मला ओळखतोस. मी घंटा मागवली. कलाकाराला सांगितलं, प्रत्येक गाण्याचं धृपद आणि एकच कडवं, घंटा झाली की पुढचं वर्ष. तो हसला, पण त्याने ऐकलं. तुझ्या माहितीसाठी निकाल कळवते. चार गाणी उत्तम. सात-आठ बरी. एकात नुसतं 'ये ये ये' होतं, कोण येणार ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथे मी घंटा दोनदा वाजवली. एक गाणं आईवर होतं. त्यावेळी मी घंटा वाजवायला विसरले, हे सभेच्या वृत्तांतात घेऊ दिलेलं नाही.

चारला दहा कमी असताना लाईन गेली. (यायला उशीर करते, जायला कधीच नाही.) सगळी यंत्रं मुकी झाली. पहिलं गाणं, तू मिनिटभर ऐकलेलं, त्याने मुद्दाम शेवटी राखून ठेवलं होतं. त्याने वादकांना थांबवलं, साधी लाकडी गिटार घेतली, व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसला आणि म्हणाला, "ही चाल माझी नाही. माझ्या बाची आहे. त्याले माहीत नाही."

देवसिंग, ती चाल तुझी आहे. केंद्रावर आलेल्या कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून तू खालचा कापूस काढायचास, बोटांत धागा ओढायचास आणि ओढताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचास. सुट्टीत एक पोरगं बैलगाडीच्या साट्यावर बसून ते ऐकायचं. त्याने तेच उचललं. तांड्यातल्या बायांनी दुसऱ्या ओळीलाच ओळखलं, त्यांच्या गाड्या तुझ्या हाताखालून गेल्या आहेत ना! जन्मभर दुसऱ्यांचा माल पारखलास आणि स्वतःचा टीव्हीवर दिसला तेव्हा ओळखता आला नाही. आणि हेही सांग, वरचं एक बोंड बघून तू कधी कुणाची गाडी परत पाठवलीस का? खालचा कापूस काढल्याशिवाय ग्रेड लिहिली नाहीस म्हणून लोक अजून तुझं नाव घेतात. मग घरच्याच गाडीला वेगळा नियम का?

त्या गाण्यावर पहिल्यांदा उठून कोण नाचलं ते लिहायला हवं. त्याची आई, तुझी मानीबाई. (ती माझ्याकडे गुडघ्याचं तेल न्यायला आली आहे, असं तुला सांगितलं होतं. तेल तिने नेलं. तिला बोललास तर गाठ माझ्याशी आहे.)

कार्यक्रम संपल्यावर सगळं आटोपलं असं मला वाटलं. कलाकार म्हणाला, मी यवतमाळला हॉटेलवर जातो. गुलाबसिंग आडवा झाला. "हॉटेल काय घर हाय का? निरोप दिला का माणूस त्याच्या दारापावेतो पोचवा लागते. मंग तो तलाठी असो का कोणी असो." हा रिवाज तुलाही माहीत आहे. तू निवृत्त झालास तेव्हा तुलाही उघड्या जीपमधून, बँड लावून घरी आणलं होतं, आणि तू उतरायला तयार नव्हतास. रिवाजापुढे माझंही चालत नाही.

कागद संपत आला. प्रकृतीला जप.

तुझी थोरली बहीण,
मोतीबाई

ता. क. मला तुझ्याकडून काही नको. तुझी छत्री गळते असं म्हणाला होतास. नवी येत आहे, घड्याळही.

ता. क. दुसरा : पाकिटावर तिकीट नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. बँडला मी तुमच्या चौकातच थांबायला सांगितलं आहे. माझा नाही, तुझ्या शेजाऱ्यांचा विचार करून.

ता. क. तिसरा : नाव न काढण्याचा नियम मी पत्रभर पाळला. आता पत्र संपलं. पत्र आणून देणारा तुझा ओम सकाळी सहाला मारेगावहून निघाला आहे, चहाही न घेता, आणि तू वाचत असेपर्यंत दारात उभाच असेल. बस म्हटल्याशिवाय तो बसणार नाही. ग्रेड तुझी तू दे, पण आधी कोपरापर्यंत हात घाल.

आता मान वर कर.