कोंडाजींच्या पुळ्या

३ फेब्रुवारी
आज बदलापूरजवळच्या खरवईत सामान टाकलं. आडनाव विचारून झाल्यावरही खोली मिळाली, म्हणजे बदलापूर सुधारलं म्हणायचं. घरमालक कोंडाजी आणि राजाबाई खाली, मी वर. म्हातारा-म्हातारी दोघंच, मूलबाळ नाही. राजाबाईंनी लगेच तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून दिली. अकोल्याच्या पोरीला ही बारीक सुकी कोळंबी म्हणजे नवलच! ताट चाटूनपुसून साफ केलं. रोज देईन म्हणाल्या. उद्यापासून उल्हासनगर कॅम्प पाचमधली लॅब. आजारी कातडीचे पातळ काप करायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे. आईला ऐकूनच शिसारी येते, मला नाही येत.

११ फेब्रुवारी
आज मात्र आली. कोंडाजींचे दोन्ही हात पुळ्यांनी भरलेत, काही लाल, काही काळ्या खपलीच्या. ओट्यावर बसून नखाने खपल्या काढतात आणि वाटीत जमवतात. गंमत म्हणजे ते आमच्याच लॅबचे जुने पेशंट निघाले. डॉक्टर अनुया मॅडमनी त्यांच्या पुळीचा काप दाखवला. आजाराचं नाव लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर थेट कर्करोग वाटावा अशा मोठ्या, बेढब पेशी. जनुकं तपासली तर त्या सगळ्या एकाच पेशीची पिलावळ. आणि माणूस ठणठणीत! पुळ्या आपोआप सुकतात, दुसरीकडे उगवतात. याची लागण होत नाही, असं मॅडम म्हणाल्या.

२ मार्च
कोंडाजींचे हात साफ होत आलेत. उतारा लागू पडला म्हणतात. मला हसू आलं. आपली पीडा दुसऱ्याच्या अंगावर जावी म्हणून चौकात भात-लिंबू ठेवायचं, असली खुळं आमच्या बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. कुठल्या चौकात ठेवला म्हणून विचारलं, तर राजाबाई उठून आत गेल्या. माझ्या मनगटावर एक पुळी आलीय. डास असेल.

१४ मार्च
डास नव्हता. कोपरापर्यंत पुळ्या, वर काळी खपली. मॅडमनी एक कापून घेतली, काप मीच केला. त्याच बेढब पेशी. जनुकांच्या तपासणीला पाठवलीय. भीती वाटतेय, पण त्याहून किळस जास्त. स्वतःच्या हाताने जेववत नाही, चमच्याने खाते.

२८ मार्च
रिपोर्ट आला. मॅडमनी फैलावर घेतलं. नमुने बदललेस म्हणाल्या, कारण ही पिलावळ जशीच्या तशी कोंडाजींची आहे. शिवाय पेशींत वाय गुणसूत्र. म्हणजे पुरुषाच्या पेशी. मी दुसरी पुळी त्यांनाच कापायला लावली.

६ एप्रिल
पुन्हा तेच. पुरुषाच्या. माझ्या हातात. मॅडम आता हातमोजे घातल्याशिवाय जवळ येत नाहीत. मग मला ती वाटी आठवली. राजाबाईंनी दिलेल्या डब्यातली चटणी काचेवर पसरून पाहिली. जवळा कमी, माणसाची कातडी जास्त. दोन महिने मी मिटक्या मारत —
ओकले. अजून ओकतेय.

७ एप्रिल
जाब विचारला. राजाबाईंनी नाकारलं नाही. चौकात ठेवून भागत नाही म्हणाल्या, खाणारं माणूस लागतं. म्हातारा वयानं आता जायचाच होता, म्हणाल्या. वर माझ्या गालावरून हात फिरवला.
"ते जातील. पन तू हायेस ना."
ताप भरलाय. उतरला की अकोला.

९ एप्रिल
कोंडाजी सकाळी गेले. अंगावर एक डाग नाही. माझ्याही खपल्या गळाल्या — खालची कातडी सुरकुतलेली. हातावर पांढरे केस. घासतेय, रक्त येईपर्यंत घासलं. कोंडाजींचीच कातडी. शी — शी —

१० एप्रिल
राजाबाई रडत नाहीत. बाया कुंकू पुसायला आल्या तर हात झटकला. माझ्या जिन्याकडे बोट दाखवलं.
बॅग भरली. जाते. मी यशोधरा. यशोधरा. मी —
खालून हाक मारतेय.
"अवो, जेवाला या."
मला नाही. मला नाही ती हाक. मी तोंड दाबून धरलंय, तरी आतून ओ गे